फळी अजून वाळायची आहे

भाऊजी,

तुम्ही गेलात तेव्हा तुमची फळी ओली होती. तेराव्यालाही ओलीच होती. पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजारच्या मर्सीकडून आणलेल्या खुर्च्या परत केल्या, तुमचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवले. सगळं ज्याच्या त्याच्या जागी गेलं आणि गॅलरीतली ती वार्निश लावलेली फळी मात्र बोट लावलं की बोटाला चिकटत होती. मी रोज बघायचे. सकाळी पोळ्या लाटायच्या आधी एकदा, दुपारी शाळेत शिकवून आले की एकदा. काठाला, खालच्या बाजूने, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही तिथे. बोट लावायचं तर असं लावायचं असतं. हे तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन. पण आधी मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं शेवटचं भांडण अर्ध्यावर होतं आणि तुम्ही उठून गेलात. ही काय रीत झाली?

तेराव्याला नागपूरच्या मावशी हात धुवायला गॅलरीत गेल्या आणि फळीला चिकटलेला पदर सोडवत परत आल्या. "हे काय गं?" मी म्हटलं, "भाऊजींची गाडी." मग जमेल तेवढं समजावून सांगितलं. माणूस उभा राहील एवढी फळी, तिला चार चाकं, खाली मोटर, स्कूटरची बॅटरी ठेवायला लाकडाचं खोकं, पुढे धरायला लाकडी दांडा आणि हातात वायरचा एक खटका. खटका दाबला की चालते. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बसायचं कुठे?" मी म्हटलं, "बसायचं नाही मावशी, उभं राहायचं." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुःखाने पोरीचं डोकं फिरलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही असतात तर हसता हसता तुम्हाला ठसका लागला असता. मलाही हसू आलं. तेराव्याच्या घरात हसू आलं, म्हणून पुन्हा तुमचाच राग आला.

मस्कतहून लोक सोनं आणतात. निदान अत्तर आणतात, खजूर आणतात. तुम्ही विमानतळावरून आलात ते एका जाडजूड ब्लँकेटचं गाठोडं घेऊन. ब्लँकेट चांगलं होतं, अजून वापरतो आम्ही. गाठोडं सोडलं तर आतून फळी निघाली. तुमच्या साइटवरच्या कुणा इंजिनियरच्या पोराने मोडून फेकून दिलेली, तुम्ही उचलून मोटर दुरुस्त केलेली. मी म्हटलं, "भाऊजी, समुद्र ओलांडून कचरा आणलात?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, कचरा खरा, पण इंपोर्टेड आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. कारण फळीच्या आधी मला तुमचा पाय दिसला होता.

परांचीवरून पडलात एवढंच तुम्ही फोनवर सांगितलं होतं. डावा गुडघा आता कधीच वाकणार नाही, हे तुम्ही दारातून आत येताना कळलं. तुम्ही पाय सरळ पुढे पसरून सोफ्यावर बसलात आणि चहा मागितलात. तुमचे दादा तुमच्या समोर बसले होते. चहा होईपर्यंत दोघं भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांनीच एजंट शोधला होता, त्यांनीच "इथे वायरमन म्हणून किती दिवस फिरणार, जा" म्हणून तुमच्यामागे लकडा लावला होता. तुम्ही त्यांना एका शब्दाने कधी बोलला नाहीत. बोलायला हवं होतंत. एकदा चांगलं तोंड सुटलं असतं तुमचं, तर त्या माणसाची मान जरा मोकळी झाली असती. तुम्ही दोघांनी मिळून ती गोष्ट अशी गुंडाळून ठेवलीत की मला या घरात तिच्या कडेकडेने केर काढावा लागला, इतकी वर्षं.

शेअर रिक्षा तुमच्या नशिबातून गेली. मागच्या सीटवर तिघं बसणार आणि तुमचा पाय चौथ्या माणसासारखा आडवा. सायकल गेली, स्कूटर गेली. लोक उठून जागा द्यायचे आणि वर "बिचारा" म्हणायचे. तो शब्द ऐकला की तुमचा कान लाल व्हायचा. मी बघितलंय. म्हणून त्या फळीत तुमचा जीव का अडकला हे मला कळत होतं, भाऊजी. भांडत होते, पण कळत होतं. तिच्यावर बसायचं नव्हतं, उभं राहायचं होतं. ताठ पाय तिथे चालून जायचा. आईंच्या जुन्या पलंगाचा मच्छरदाणीचा दांडा तुम्ही पुढे ठोकलात, चांगला सागवानी दांडा, आणि त्याला धरून एका संध्याकाळी कंपाउंडमधून गेटपर्यंत गेलात. तसेच गेटबाहेर. एसटीडी बूथवरून, मासळीवाल्यांच्या रांगेवरून, माणूस चालतो त्याहून थोड्याच जास्त वेगाने, पण मान वर. सगळी गल्ली बाहेर आली होती. "विनूभाऊ, आमाला पन एक चक्कर!" असा ओरडा चालला होता. "बिचारा" कुणी म्हटलं नाही.

दादा गॅलरीत उभे होते. तुम्ही कोपऱ्यावर वळलात तेव्हा ते आत गेले आणि त्यांनी टीव्ही लावला. त्या दिवसापासून त्यांनी त्या फळीला कधी हात लावला नाही. वाटेत असली तर वळसा घालून जायचे.

आता लाकडाचं बोलू. मस्कतच्या बिनपावसाच्या हवेत काय टिकलं असेल ते असेल. इथे मीठसुद्धा बरणीत पाणी होतं. पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही डबक्यांतून फळी घातलीत आणि गणपतीपर्यंत तिच्या मागच्या टोकाचे पापुद्रे सुटले, खारी बिस्किटासारखे. बॅटरीचं खोकं फुगलं, त्याचं झाकण निघेना. मग एका रविवारी माझा पाटा नाहीसा झाला. मी सगळं घर पालथं घातलं. मर्सीला विचारलं, मोलकरणीवर संशय घेतला. शेवटी पाटा सापडला तुमच्या खोलीत, फळीच्या शेपटावर, खाली गोंद आणि वर वरवंटासुद्धा. "दाब हवा ना वहिनी, सुतारासारखा शिकंजा कुठून आणू?" तुम्ही म्हणालात. त्या पाट्यावर आठवडाभर वाटण नाही. मिक्सर लावावा तर भारनियमन. दिवे आले की तुम्ही आधी फळीचा चार्जर लावायचात. त्या आठवड्यात आपण तिघांनी बिनवाटणाची कालवणं खाल्ली, आणि दादा बिचारे विचारत राहिले की आज नारळ महाग झाला का.

गोंद धरला. मग प्रश्न आला वरून काय लावायचं. माझ्या माहेरी गिरगावात दर दिवाळीच्या आधी वडील घरातल्या खुर्च्यांना चपड्याचं पॉलिश करायचे. लाखेचे चपटे दाणे स्पिरिटमध्ये भिजवायचे, कापसाचा बोळा फडक्यात बांधायचा आणि पातळ, पातळ, पातळ हात द्यायचे. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. मी म्हटलं, तसं करू. तुम्ही ऐकलंत, म्हणजे निम्मं ऐकलंत. चपडा आणलात, बोळा केलात आणि सगळे हात एकाच दुपारी दिलेत. "वाळलंय का बघतो" म्हणून दर थोड्या वेळाने बोट. मधोमध बोट! फळी आरशासारखी चमकली हे खरं. त्या आरशावर तुमच्या बोटांचे ठसे होते, तेही खरं. आणि पहिल्याच पाण्याने ती पांढरी पडली, कोड फुटावं तशी. लाखेला पाणी सोसत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं. वडिलांच्या खुर्च्या कधी पावसात गेल्या नव्हत्या ना.

ते बघून तुम्हाला जो काही आनंद झाला! "बघा, तुमच्या माहेरचं पॉलिश!" आणि गेलात समुद्रकाठच्या कळंबला, तुमच्या त्या होडीवाल्या धर्मादादाकडे. त्याची होडी, त्याची बोंबील सुकवायची बांबूंची वलांडी, सगळं तुम्हाला देवळासारखं. त्याच्याकडून डबाभर माशाचं तेल घेऊन आलात. धर्मादादा स्वतःच सोबत आला होता, दारातच उभा. मी म्हटलं, "धर्मादादा, याने पाणी थांबेल?" तो म्हणाला, "थांबल म्हंजे काय वयनी! लाकडाला तेल पिऊ द्या. आमची होडी तीन पिढ्या तेल पिते, पानी नाय पीत." मी विचारलं, "आणि वास?" त्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "कसला वास?"

भाऊजी, तो वास! आम्ही काही सोवळ्यातले नाही, आठवड्याला तीनदा मासळी शिजते आपल्याकडे. पण तो वास वेगळा होता. तुम्ही फळीवरून जायचात आणि मागे मांजरांची रांग. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्या फळीवर चर्चा झाली. तुम्ही तिथे उभं राहून (तुम्ही नेहमी उभे) सांगितलंत की ही होडी आहे आणि होडीला वास येतो. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

आणि मग दसरा. तुम्हाला फळीची पूजा करायची होती. वाहन म्हणजे वाहन, बाकीच्यांच्या स्कूटरी, आपली फळी. पण वासाची फळी देवापुढे कशी आणायची? म्हणून तेल पुरतं मुरलं नसताना तुम्ही त्यावर चपडा चढवलात. तुमचं आणि माझं, दोन्ही, एकावर एक. मी म्हटलं, "भाऊजी, आंबट वरणात दूध घालताय." तुम्ही म्हणालात, "समझोता आहे वहिनी." सकाळी चपडा, दुपारी हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. संध्याकाळी माळ काढायला गेलात तर माळ येईना. ओढलीत तर दोरा हातात आला आणि पाकळ्या फळीतच राहिल्या. हळदीची बोटं, कुंकवाचा ठिपका, सगळं चिकटून बसलं. मर्सी कुंपणापलीकडून बघत होती. ती म्हणाली, "बाय, आता याला देव्हाऱ्यातच ठेव. निघणार काय नाय." तुम्ही पुढचा हात त्या पाकळ्यांवरूनच मारलात. म्हणालात, डिझाइन आहे.

किती हट्ट करायचा माणसाने? पण थांबा, आता चांगलं बोलते.

माझी आई गेली त्या वर्षी मी घरात काम करायचे आणि बाकी काही करायचे नाही. बोलायचे नाही, शाळेत मुलांवर चिडायचे, घरी येऊन झोपायचे. दादा चांगले आहेत, पण त्यांना अशा वेळी काय करावं कळत नाही. ते माझ्यासाठी सफरचंदं आणायचे. टोपलीभर सफरचंदं जमली होती. तुम्ही एका दुपारी आलात आणि म्हणालात, "वहिनी, ब्रेक नीट लागतोय का बघायचंय, माझं वजन पुरत नाही." माझ्या वजनावरून बोललात म्हणून मी तावातावाने उठले. पदर खोचला, दांडा धरला. तुम्ही शेजारून तो ताठ पाय टाकत टाकत चालत होतात, हात पुढे करून, मी पडले तर धरायला. खटका दाबला आणि ती मेली सुटली. मी किंचाळले. गेटपर्यंत किंचाळत गेले आणि गेटाशी थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. आई गेल्यावर पहिल्यांदा.  "ब्रेक ठीक आहे" एवढंच म्हणालात. परत येताना मी रडले, तर तुम्ही चाकात गवत अडकलंय का बघत बसलात, माझं पुरतं रडून होईपर्यंत.

मी तुम्हाला याबद्दल कधी काही बोलले नाही. आपल्याकडे वहिनीने दिराचे आभार मानायची पद्धत नाही. आपल्याकडे भांडायची पद्धत आहे. तेव्हा आता मानते. भाऊजी, तुमचे उपकार आहेत माझ्यावर.

झालं? आता पुन्हा भांडते.

यंदा धर्मादादाने तुम्हाला नारळी पौर्णिमेला बोलावलं होतं. कळंबच्या वाळूपर्यंत फळीवर जायचं, किनाऱ्यावर उभं राहून नारळ सोडायचा, असं तुमचं ठरलेलं. घरापासून समुद्रापर्यंत, स्वतःच्या पायावर, म्हणजे तुमच्या भाषेत. त्यासाठी भर श्रावणात तुम्ही होडीचं वार्निश आणलंत. वार्निश चांगलं होतं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण श्रावणात! जेव्हा आपले टॉवेल वाळत नाहीत, पापडाला बुरशी येते! मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांबा, ऊन पडू दे, आधीचं सगळं घासून काढू आणि मग पातळ हात देऊ." तुम्ही अर्धा डबा एकदम ओतलात. जुन्या तेलावर, जुन्या चपड्यावर, झेंडूवर. पौर्णिमा आली, फळी चिकट. तुम्ही रिक्षाने गेलात, पाय बाहेर काढून, कडेला बसून, आणि संध्याकाळी जेवला नाहीत.

तेव्हापासूनच छातीत जळजळ म्हणत होतात. मी सोडा दिला, मग म्हटलं डॉक्टरकडे जा. "जातो, हे जरा वाळू दे." पुन्हा म्हटलं. "वाळू दे वहिनी, मग दोन्ही कामं एकदम करतो, फळीवरूनच जातो दवाखान्यात." शेवटचं आपलं भांडण हेच. मी म्हटलं, "ते वाळणार नाही, तुम्ही रिक्षा करा." तुम्ही म्हणालात, "वाळेल." जन्मभर एका हाताला वाळायला वेळ दिला नाहीत तुम्ही. बोट घालून घालून प्रत्येक गोष्टीचा विचका केलात. आणि नेमकं तिथे, त्या एका ठिकाणी, तुम्हाला धीर धरायचा होता? इतकी घाई असलेल्या माणसाने तिथे घाई करायला काय झालं होतं?

 दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

तेराव्यानंतर दादा म्हणाले, "ती फळी भंगारात दे." जेवता जेवता, ताटाकडे बघत. मी म्हटलं, "अहो, पण..." ते म्हणाले, "येता-जाता दिसते. रविवारी भंगारवाला येतो, त्याला दे." आवाज चढला नव्हता. तुमच्या दादांचा आवाज चढत नाही, म्हणून तर पंचाईत असते. त्यांना ती का नको, ते मला ठाऊक आहे. त्यांना फळी दिसत नाही, गुडघा दिसतो. मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, "अशी चिकट, घाण कुणाला द्यायची नाही. भाऊजींचं काम अर्धं राहिलंय. मी पुरं करते, मग तुमच्या मनात असेल ते करा." त्यांनी ताकाचं भांडं सरकवलं. ते त्यांचं "बरं."

मग मी घासायला बसले. शाळेतून आल्यावर रोज, तोंडाला फडकं बांधून. ऊन चांगलं पडायला लागलं होतं. तुमचं श्रावणातलं वार्निश सायीसारखं वळून आलं. त्याखाली चपडा, त्याखाली तेल. प्रत्येक थराखाली तुमची बोटं. अहो, किती बोटं! मी दात-ओठ खाऊन घासत होते. पॉलिशपेपरचे कागदावर कागद संपत होते, खांदे भरून येत होते. आणि तोंडाने तुमच्याशी बोलणं चालू. मर्सी एकदा डोकावली. म्हणाली, "कोणाशी भांडते गो?" मी म्हटलं, "दुसरं कोण." ती आत आली, तिनेही एक कागद घेतला आणि खोकं घासायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "विनूभाऊला लाकडाचा नाद नव्हता, बाय. घाईचा नाद होता. पण मानूस सोन्यासारखा." मग आम्ही दोघी पुन्हा घासायला लागलो.

चाकं काढायला स्क्रू सोडवले तेव्हा खरा प्रकार कळला. वरून तुम्ही एवढं ओतलंत, पण स्क्रूची भोकं कोरडी! आत एक थेंब नाही, तेलाचा नाही, वार्निशचा नाही. पाणी तिथूनच जात होतं. भोकाभोवतीचं लाकूड काळं पडलेलं, नखाने उकरावं तर भुसा. आपण इतकी वर्षं वरून काय लावायचं यावर भांडलो, तुम्ही आणि मी, आणि ती आतून भिजत होती. मी स्क्रूड्रायव्हर फेकला. वरून आरसा आणि आत हे. तुमच्यासारखंच. हसत हसत सोडा पीत होतात ना? मला इतका राग आला की मर्सीला तो माझ्या हातातून घ्यावा लागला, म्हणजे मी परत उचललेला.

सडलेलं कोरून काढलं. भोकं गोंद-भुशाने भरली, वाळू दिली, पुन्हा पाडली. भोकांच्या आत काडीला कापूस गुंडाळून वार्निश फिरवलं, कडांना फिरवलं, खोक्याच्या झाकणाच्या खाचेत फिरवलं. मग वर पहिला हात, पातळ. वाळू दिला. बारीक कागदाने पुसता घासला. दुसरा हात. तुमचं वार्निश, माझ्या वडिलांची पद्धत. मधोमध दसऱ्याच्या दोन पाकळ्या निघता निघेनात. त्या काढायच्या तर लाकूड खणावं लागलं असतं. राहू दिल्या. डिझाइन आहे म्हणायचं.

तुम्ही बघायला हवी होतीत. अशी झाली फळी की पाण्याचा थेंब टाकला तर अळवाच्या पानावरून जावा तसा पळाला. इतका जीव जळला माझा तेव्हा! हे जमणारं काम होतं, भाऊजी. सहज जमणारं. फक्त थांबायचं होतं.

शनिवारी शेवटचा हात मारला. गॅलरीत दोन डबे उपडे घालून त्यावर फळी ठेवली, धूळ बसू नये म्हणून वरून आपली जुनी मच्छरदाणी. दादा हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी बजावून सांगितलं, "मी बाजारात जाऊन येते. गॅलरीत जाऊ नका. कपडेसुद्धा काढू नका दोरीवरचे." ते म्हणाले, "मी कशाला जातोय." खरंच होतं ते. इतक्या वर्षांत गेले नव्हते.

परत आले, पिशव्या ठेवल्या, गॅलरीत गेले. मच्छरदाणी एका बाजूने वर झाली होती. आणि फळीवर, मधोमध, ज्या दोन पाकळ्या आहेत त्यांच्या शेजारी, एक बोट. चांगलं दाबून, पेरापर्यंत उमटलेलं.

क्षणभर, भाऊजी, फक्त क्षणभर, मला वाटलं तुम्ही आलात.

मी हॉलमध्ये आले. तुमचे दादा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसले होते. उजव्या हाताच्या बोटाला पेपरचा तुकडा चिकटला होता, तो अंगठ्याने सोडवत होते आणि तो सुटत नव्हता. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, "वाळलंय का बघत होतो."

मी ओरडले. तुम्हाला ओरडायचे तश्शी ओरडले. "अहो, बघायचं तर काठाला बघा! खालून बघा! मधोमध कशाला बोट घालता?" सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं असेल. ते ऐकत बसले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कळंबच्या समुद्राच्या पाण्याने खराब होईल का गं?" मी म्हटलं, "नाही होणार." त्यांनी मान हलवली. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले, आणि चष्म्यालाही वार्निश लागलं.

तो ठसा मी घासलेला नाही. घासणारही नाही.

रविवारी भंगारवाला आला, खाली उभा राहून नेहमीसारखी हाक दिली. मी उठले नाही. दादा गॅलरीत गेले, फळीला वळसा न घालता तिच्या शेजारी उभे राहिले आणि हातानेच खूण केली, पुढे जा म्हणून. बोटाला कागदाचा एक कपटा अजून तसाच होता.